वायर काढलेला माइक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे, नंतर हसू येणार नाही. हे ज्याच्या बाबतीत घडलं तो पंधरा वर्षं माझ्याबरोबर बसस्थानकावर कामाला होता, आणि थापा मारायची अक्कल काही त्याला नव्हती.

त्याचे वडील त्याच स्थानकावर गाड्या पुकारायचे. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून, माइकवर, प्रत्येक गाडी तीनदा. तीस वर्षांत जीभ एकदा अडखळली नाही. पण वर्षभरापासून घरात म्हाताऱ्याचे शब्द हरवायला लागले. आधी साबण गेला, मग किल्ली, मग उशी. "ते दे रे... ते... हे आपलं..." आणि हात नुसता हवेत.

मुलाला वाटायचं, सगळी नाटकं. माइकवर घडाघडा बोलणाऱ्या माणसाला उशी म्हणता येत नाही? तीस वर्षांची घोकंपट्टी तोंडातून आपोआप पडते, बाकीचं पडत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही मेल्यानं कुणाला विचारलं नाही. वर चारचौघांत नकला करून दाखवायचा. मीही हसलोय.

एका गुरुवारी जेवताना तो भडकला. "बाबा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका!"

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ताटावरून उठला.

रात्री साडेअकराला बायको म्हणाली, "अहो, बाबांचा चष्मा केबिनमध्येच राहिलाय. मघापासून डोळे चाचपडतायत. आणून द्या ना." जेवताना बोललेलं त्याच्याच मनाला लागलं होतं, म्हणून निघाला.

पावणेबारा. शेवटची गाडी कधीच गेलेली. त्यानं केबिन उघडली, चष्मा खिशात टाकला. तेवढ्यात छपरावरचा कर्णा खरखरला.

"साबण... साबण... साबण."

वडिलांचा आवाज. माइकचं बटण बंद होतं. त्यानं वायरच उपटली.

"किल्ली... किल्ली... किल्ली."

मग उशी. मग जिना. कंगवा. ज्या क्रमानं गेले, त्याच क्रमानं. प्रत्येकावर तो हसला होता, त्यामुळे क्रम पाठ होता. मग एका बाईचं नाव. त्याच्या गेलेल्या आईचं.

मग काहीच नाही...

आता कुणाची पाळी, ते त्याला कळलं. दोन्ही कान दाबून तो पळत सुटला. तरी मागून आलंच. त्याचं घरातलं नाव. एकदा... दोनदा...

तिसऱ्यांदा ऐकायला तो थांबला नाही.

घरी वडील पलंगावर जागे होते. त्यांनी चष्मा घातला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि अदबीनं विचारलं,

"कोण हवंय आपल्याला?"

बापानं पोटच्या पोराला 'आपण' म्हटलं रे. यापेक्षा त्यानं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

रात्रभर तो त्यांच्या उशाशी बसून राहिला. म्हातारा जागचा हलला नाही, पुढे एक शब्द बोलला नाही. ना त्या रात्री, ना मरेपर्यंत.

सकाळी सहाला तो कामावर आला, तेव्हा मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर दात घासत उभा होता.

"काय हो, रात्री कुणाचं पोर हरवलं होतं? पहाटेपर्यंत एकच नाव पुकारत होते. सापडलं का?"

तो तडक केबिनमध्ये गेला. वायर जमिनीवर पडली होती, तशीच. आणि माइकच्या जाळीवर थुंकीचे शिंतोडे होते... ओले.