साक्षीदार क्रमांक तीन

जामिनाच्या हुकुमात तीन अटी होत्या. दर सोमवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी. गाव सोडायचं नाही. आणि साक्षीदार क्रमांक एक ते पाच, यांच्यापैकी कोणाशीही बोलायचं नाही. चष्मेवाल्यांनी जामीनदार म्हणून सही केली आणि खुनाचा आरोप असलेल्या भाच्याला घरी आणलं. लोक म्हणाले, "खुन्याला घरात घेता?" ते म्हणाले, "समोर बसून जेवायला कुणीतरी हवं."

साक्षीदार क्रमांक तीन म्हणजे त्यांची बायको, भाच्याची सख्खी मावशी. गोदामाच्या मालकाचा खून झाला त्या दुपारी तिनं गॅलरीतून भाच्याला खालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुताना पाहिलं होतं. पोलिसांना तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारी बाई ती. पुढे वर्षभरात, भाचा तुरुंगात असतानाच, ती गेली. मृत्यूचा दाखला चष्मेवाल्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला, कुठेच दिला नाही. कोर्टाच्या यादीत ती अजून होती. त्यांना ते बरं वाटायचं.

एकदा दुपारी हवालदार दुकानात आला.

"काका, पोरगं अट मोडतंय. गॅलरीत तीन नंबरच्या बाईंशी बोलत बसतं. खालून तीनदा पाहिलं मी. रिपोर्ट दिलाय. जामीन रद्द होणार."

"हवालदार, डोळ्यांचा नंबर तपासून घ्या."

"गेल्याच महिन्यात तुम्हीच तपासलात. राखाडी शाल, केस मोकळे. ओळखतो मी त्यांना. जबाब मीच लिहून घेतला होता."

काच पुसणारा हात थांबला. राखाडी शाल तिच्याबरोबरच गेली होती.

घरी त्यांनी भाच्याला विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"मीच बोलतो, काका. मावशी नुसती ऐकते. आत ये म्हटलं, तर नको म्हणून मान हलवते."

चष्मेवाले गॅलरीत गेले. दोन खुर्च्या होत्या. दोन्हींवर ऊन होतं, पण एकीची बैठक हाताला गार लागली. ऊन उतरेपर्यंत ते शेजारी बसून राहिले. काही दिसलं नाही. तीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासल्या. भाच्याला दिसते, हवालदाराला दिसते. आपणच काय तिचं घोडं मारलं होतं?

तारखेला वकील म्हणाला, "दाखला द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

नाही दिला तर पोरगं परत तुरुंगात. त्यांनी दिला. न्यायाधीशसाहेबांनी तो वाचला आणि हवालदाराकडे पाहिलं. कोर्टात हसू फुटलं. कारकुनानं यादीतल्या तीन नंबरवर लाल रेघ मारली. जामीन कायम राहिला.

जिन्यात वकिलानं चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. "मोठी साक्ष गेली. सुटलाच म्हणा. पण तुम्हालाच जामीनदार राहणं नको झालं, तर एक अर्ज पुरतो. लगेच आत घेतील त्याला."

घरी आल्यावर भाचा दारातच थबकला.

"काय रे?"

"गॅलरीत नाहीये."

चष्मेवाल्यांनी गॅलरीतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. आपल्याच हातानं नाव खोडून आलो.

"काका, ती आत आलीय."

भाचा कुजबुजला, "आता ती साक्षीदार नाही ना. अट संपली."

पाचव्या दिवशी तो दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"जामीन काढून घ्या, काका. पाया पडतो. मला आत पाठवा."

"बोलते का काही?"

"नाही. जवळ बसते. माझ्या हातांकडे बघत राहते."

चष्मेवाल्यांनी दुकान बंद केलं आणि त्याला घरी नेलं. वकिलाची चिठ्ठी खिशातून काढून दाखल्याच्या रिकाम्या ड्रॉवरमध्ये टाकली. कुलूप लावलं.

भाच्याला टेबलापाशी बसवलं. त्याच्या शेजारची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली. स्वतः समोर बसले.

भाच्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"सांग," ते हळूच म्हणाले, "आज केस बांधलेत की मोकळे?"