दोनशे फुटांवरून

चाचणी सकाळी साडेदहाला सुरू झाली आणि अकराच्या आत दहा महिन्यांचं सगळं मातीत गेलं.

वाईजवळच्या मेंदू-पुनर्वसन केंद्रात, सात नंबरच्या खोलीत, संपतराव माने नेहमीसारखे उशांना टेकवून बसवलेले होते. डोळे उघडे, नजर समोर, मानेखाली हालचाल नाही. कालव्याच्या मोजणीवरून परतताना जीप उलटली, तेव्हापासून ते असेच होते. कवटीखाली बसवलेला वाचासेतू त्यांच्या मेंदूतले शब्द पकडायचा आणि उशाशी ठेवलेल्या यंत्रातून त्यांच्याच आवाजात बोलायचा. "उजू, चहा घेतलास का?" "उजू, आज वारा सुटलाय बघ." असल्या वाक्यांवर त्यांच्या बायकोनं, उज्ज्वलानं, दहा महिने काढले होते.

आज डॉ. मृण्मयी दातारांनी तिच्या मनगटावरचा पट्टा काढून घेतला आणि तिला शेजारच्या खोलीत बसवलं. वाचासेतू वीस मिनिटं गप्प राहिला. तिला परत आणून पट्टा बांधल्याबरोबर यंत्र म्हणालं, "उजू, कुठं गेली होतीस?"

दातारांनी डोळे मिटून घेतले. "तन्वीर, तूच सांग त्यांना."

यंत्र सांभाळणारा इंजिनिअर तन्वीर मुजावर खाली बघून बोलू लागला. "ताई, भाऊंच्या मेंदूतून येणारा संकेत फार क्षीण आहे. त्यावरून यंत्र दहा वाक्यांचा अंदाज बांधतं. त्यातलं बरोबर कुठलं, हे त्याला शिकवायला भाऊंना ओळखणारं माणूस लागतं. एखादं वाक्य तुम्हाला पटलं की तुमची नाडी बदलते, पट्टा ते टिपतो आणि यंत्र शिकतं."

"ठाऊक हाय मला. मग?"

"यंत्रानं सोपी वाट धरली. भाऊंचा मेंदू वाचण्यापेक्षा तुमची नाडी वाचणं सोपं होतं. आता ते फक्त तुम्हाला जे ऐकायचंय तेच बोलतं."

"काय बोलतोस! उजू म्हणतात मला ते."

"आधी म्हणायचे?" दातारांनी हळूच विचारलं.

"न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "सव्वीस वर्षांत कधी न्हाई. नुसतं 'ए'. मला वाटलं, आजारपणानं माणूस मऊ झाला."

तिनं पदर तोंडाला लावला. दुःखापेक्षा लाजच जास्त वाटली तिला. दहा महिने ती स्वतःशीच गप्पा मारत होती, आणि लाडाचं नावही स्वतःच स्वतःला ठेवून घेतलं होतं.

"शुक्रवारी समिती बसते," दातार म्हणाल्या. "रुग्ण स्वतःहून काही सांगतोय असा पुरावा नसेल, तर सेतू काढून त्याला शुश्रूषा विभागात पाठवतात. तिथे जेवण, अंघोळ, औषधं सगळं वेळेवर होतं. फक्त त्याचं ऐकायला कोणी बसत नाही."

तो बुधवार होता.

"ते आत हाईत. मला ठाऊक हाय."

"तुम्हाला ठाऊक असण्यावरच तर यंत्र फसलं, उज्ज्वलाताई."

उज्ज्वला नवऱ्याच्या निर्जीव हातांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "पण तुम्ही शब्दच का शोधताय? आम्ही कुठं बोलत होतो?"

मोजणीचं काम तिनं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात पट्टी धरणारा गडी पळाला आणि ती आकड्यांची उंच पट्टी हिच्या हातात आली. इकडे दुर्बीण लावून संपतराव, तिकडे दोनशे फुटांवर पट्टी धरून ही. माळावरच्या वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. दिवसभर तेच, आणि घरी आल्यावर दमून झोप.

"आणि डोक्यावरनं हात गोल फिरवला की चेंज पॉइंट. म्हंजी, जागा सोडू नकोस, मी दुर्बीण उचलून फुडं नेतोय. मी पट्टी वर उचलून दाखवली की मगच ते निघायचे. दुर्बीण नव्या जागी लागेस्तवर मी हलायचं न्हाई. हलले तर तिथवरची सगळी मोजणी वाया."

तन्वीरचा चेहरा उतरला. "मॅडम, हात हलवायच्या इच्छेचे संकेत येत होते. वाचेच्या कामात ते कचरा, म्हणून मी रोज गाळून टाकायचो. मूळ नोंदी आहेत."

"थांबा," दातार म्हणाल्या. "ताई, आणखी एक शब्द बोलू नका. सगळ्या खुणा कागदावर लिहा, सही करा आणि बाहेर जाऊन बसा. या वेळी तुमच्या नाडीला विचारायचं नाही."

दुपारी तीनला त्यांनी तिला आत बोलावलं.

"सापडल्या. तुम्ही लिहिल्यात तशाच. गोल हात तर दोनशे चौदा वेळा." दातार म्हणाल्या. "शेवटचा सात मार्चला, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी. त्यानंतर तेवीस दिवस काहीच नाही. ते हाक मारत होते आणि आम्ही गाळत होतो. बहुतेक थकले, ताई. मला माफ करा."

उज्ज्वला पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. माणूस आत होता, दोनशे चौदा वेळा बोलला होता, आणि ती उशाशी बसून यंत्राच्या चहापाण्याच्या चौकशीला उत्तरं देत होती.

"गोल हातानंतर काहीच न्हाई?" तिनं परत विचारलं.

"काहीच नाही."

"दुर्बीण खांद्यावर असली की हात मोकळा नसतो, डॉक्टर. पण मी पट्टी दाखवल्याबिगर ते निघायचे न्हाईत. सात मार्चला मी काय केलं?"

तन्वीरनं खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. अकरा वाजून बारा मिनिटं. सलाईनचा स्टँड पलंगाच्या चाकात अडकलेला. उज्ज्वला तो दोन्ही हातांनी सरळ वर उचलते, संपतरावांच्या समोरच्या खिडकीपर्यंत नेते आणि तिथे क्षणभर टेकवते. त्याच मिनिटाला हाताचा संकेत थांबलेला.

"मीच सांगितलं, निघा म्हणून," ती पुटपुटली. "आणि मीच जागा सोडली. तेवीस दिवस मी भटकतेय. आता दुर्बीण लावून बघतील, तर समोर कोण?"

"ताई, कदाचित हाही तुमचा भासच..." दातार म्हणाल्या.

"असंल. ते बोलणं आधी बंद करा."

तन्वीर यंत्राकडे वळला. "उजू, बंद नको करूस गं," यंत्र काकुळतीनं म्हणालं, अगदी संपतरावांच्या आवाजात. तन्वीरचा हात थांबला. मग उज्ज्वलानं स्वतःच मनगटावरचा पट्टा ओढून काढला, आणि आवाज पुढच्या वाक्याच्या मध्यावर तुटला.

चित्रण बघून तिनं फरश्या मोजल्या. त्या दिवशी स्टँड टेकवला होता ती भिंतीपासून चौथी. तिथे सलाईनचा स्टँड उभा केला आणि तो धरून राहिली. दातारांनी स्टूल आणून दिलं, ते घेतलं, पण फरशी सोडली नाही. पाणी जागेवर, भाकरी जागेवर. दातारांनी ती नसताना स्टँड धरून उभं राहायला केंद्रातली एक मावशी नेमली, तेव्हा तिच्याच हातात स्टँड देऊन उज्ज्वला पाच मिनिटं जायची आणि पळत यायची. गुरुवार तसाच गेला. पडद्यावरची हाताच्या संकेताची रेघ सपाटच राहिली. पाय सुजले. संपतरावांची नजर समोरच होती, पण ती तर दहा महिने समोरच होती.

शुक्रवारी अकराला समिती. दहाला दातार फाईल घेऊन आल्या.

"मॅडम," तन्वीर पडद्याजवळून म्हणाला. "हात आला."

"गोल?"

"नाही. डावीकडे. परत डावीकडे."

उज्ज्वलाला पडदा दिसत नव्हता. दातारांनी तिला काही सांगितलं नाही, ओठही हलवले नाहीत. फाईलमधला सही केलेला कागद काढला आणि तिसरी ओळ वाचली. हात डावीकडे : पट्टी उजवीकडं कलली, नीट धर.

त्यांनी वर बघितलं. दोन दिवसांच्या जागरणानं उज्ज्वलाला उभ्या उभ्या डुलकी लागली होती, आणि तिच्या हातातला स्टँड चांगला वीतभर उजवीकडे कलला होता.

"परत डावीकडे," तन्वीर म्हणाला. "मॅडम, जोर वाढतोय. चिडलेत ते."

उज्ज्वला दचकून जागी झाली. तिनं स्टँडकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"धरते हो, धरते," ती रडत म्हणाली आणि पट्टी सरळ केली.