चिमणीच्या पायाखालचा दगड

पायलट चहाचा कप घेऊन वाळूघरात उतरला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. भुतं अंधारातच येतात असं कुणी सांगत असेल, तर त्याने भूत पाहिलेलं नाही एवढंच समजावं.

पायलट म्हणजे नावाचाच. आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. जिन्यावरून खाली बघितलं तरी त्याला गरगरायचं. तो उडवायचा ते तांबड्या ग्रहावरचं हेलिकॉप्टर, तेही खुर्चीत बसून, आदल्या दिवशी हुकूम लिहून पाठवून. मांजराएवढं यंत्र, सगळे त्याला चिमणी म्हणत. तिच्या सोबतीला तिथे एक रोव्हर होता, फोटो काढून पाठवणारा चाकांचा गाडा. तो चालायचा कमी आणि थांबायचा जास्त, म्हणून त्याचं नाव म्हैस.

आणि ही चिमणी पडली होती.

का पडली ते शोधणं चाललं होतं. चिमणीच्या पोटाला एक डोळा होता. खालचे दगडधोंडे बघून आपण किती वेगात चाललोय ते तिला त्यातून कळायचं. डोळा धुळीने बुजलेला असेल तर दोष यंत्राचा. स्वच्छ असेल तर दोष पायलटचा. कारण जवळची वाट म्हणून त्यानेच तिला कोऱ्या वाळूवरून धाडली होती. तिथे बघायला खडासुद्धा नव्हता. दोष त्याचा निघाला की पुढची चिमणी दुसऱ्याच्या हातात जाणार. पण म्हशीच्या फोटोंत चिमणी पोट पलीकडे करून पडलेली, आणि म्हैस जवळ न्यावी तर ती वाळूत रुतायची.

वाळूघर म्हणजे तळमजल्यावरचं मोठं दालन, मधोमध पांढऱ्या वाळूचा हौद. फोटोत दिसेल तसं हौदात हुबेहूब मांडायचं, ही तिथली रीत. चिमणीची जुळी बहीण हौदात तशीच कुशीवर टाकली होती. पण पाय मोडका, ती सारखी कलंडायची. पायलटने आपल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून चहा संपवला, कोपऱ्यातल्या ढिगातला एक चपटा दगड उचलला आणि तिच्या पायाखाली सरकवला.

"पड आता गप," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणीने हाक मारली. बायकोची ही धाकटी बहीण. म्हशीचे फोटो आधी तिच्याकडे यायचे.

"भाऊजी, तुमच्या वाळूघराचा फोटो माझ्या फोटोंत कशाला कोंबता? ताई म्हणते ते खोटं नाही. घरी पसारा, ऑफिसातही पसारा."

"मी कशाला कोंबू?"

पडद्यावर चिमणी होती, पायाखाली चपटा दगड. मेहुणी आणखी काही लागट बोलणार होती, पण तिचं लक्ष चिमणीच्या मागे गेलं. मागे टेकड्या होत्या. वाळूघरात टेकड्या नाहीत. मागे भिंत आहे, आणि तिच्यावर आग विझवायचा लाल डबा.

"पण तिथे दगडच नाहीत ना, भाऊजी..."

"नाहीत."

"मग हा..."

साहेबबाईंनी फोटो बघितला आणि वारा म्हणून निकाल दिला. तिथली हवा इतकी विरळ की पीस ढकलायची मारामार. पण शिकल्यासवरल्या माणसांचं बरं असतं. वारा म्हटलं की त्यांना जेवण गोड लागतं.

दुपारी मेहुणी त्याच्याबरोबर खाली आली.

"जुळीला फिरवून ठेवा ना. पोट इकडे करा, बघू काय होतं."

"आणि डोळा साफ निघाला म्हणजे?"

"मग काय, भाऊजी घरी भाजी निवडतील. ताईला तेवढीच मदत."

पायलट तिच्यावर करवादला. पोट दिसलं तर आपलंच पितळ उघडं पडणार हे त्याला कळत होतं. पण न कळून झोप उडाली होती, त्याचं काय? तो हौदात उतरला. जुळीला त्याने हळूच फिरवलं, दगड पुन्हा पायाखाली बसवला. तिचा पंखा बोटांना बर्फासारखा लागला. दालनात तापल्या लोखंडाचा वास सुटला होता.

"वास येतोय का गं तुला...?"

"नाही," मेहुणी म्हणाली. नाही म्हणताना तिने नाक दाबलं होतं.

सकाळी फोटो आला. चिमणीचं पोट म्हशीकडे होतं. पोटाचा डोळा घासून पुसून ठेवावा तसा चकचकीत.

"आपल्याकडेच बघतेय..." मेहुणी पुटपुटली.

पायलट उठला आणि तडक साहेबबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "डोळा साफ आहे. वाट माझी चुकली."

"आणि ती फिरली कशी?"

"वाऱ्याने."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पुढची चिमणी तूच उडव. नवा माणूस आणला तर तो पुन्हा जवळची वाट काढेल. तू आता जन्मात काढणार नाहीस."

पायलट शीळ घालत वाळूघरात आला. एवढी गोड बातमी, जुळीला नको सांगायला? तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी.

"भाऊजी, आजचा दुसरा फोटो आलाय."

"आता काय, नाचतेय का ती?"

"कलंडलीय पुन्हा. पायाखालचा दगड... दगड नाहीये तिथे."

पायलटने हौदाकडे पाहिलं. "इथला तर आहे जागेवर."

"मी तिथल्या दगडाचं विचारतेय. तो कुठे गेला?"

"जातोय कुठे, असेल तिथेच..." असं म्हणत तो आपल्या खुर्चीवर टेकला.

खुर्ची डुगडुगली नाही.

फोनमधून मेहुणी भाऊजी, भाऊजी करत होती. हौदाच्या काठापासून खुर्चीपर्यंत फरशीवर तांबड्या धुळीची बारीक रेघ गेली होती. पायलटने दोन्ही पाय अलगद वर घेतले आणि मांडी घालून बसला. खाली वाकून बघायची त्याला काही घाई नव्हती.