मागची सीट

विमानांचे फोटो काढायला शिडी लागते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हवाई तळाचं कुंपण माणसाहून उंच आणि जाळी इतकी बारीक, की तिच्यातून फोटो काढला तर विमान चाळणीत पडल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही आपापली घडीची शिडी घेऊन येतो, कमळकाकडीच्या शेताच्या बांधावर उभी करतो आणि चढून कुंपणावरून डोकी काढतो. जागा एकदा ठरली की ठरली. दुसऱ्याच्या जागी शिडी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

माझ्या डाव्या हाताला सेगावासानची शिडी होती. या गृहस्थाने जन्मभर लोकांच्या घरांत गवती चटया बसवल्या. त्यामुळे कुठेही चढण्याआधी बूट काढायची सवय अंगात मुरलेली. कडाक्याची थंडी असो, त्सुकुबा डोंगरावरून बोचरा वारा येत असो, हे बूट काढणार, शिडीखाली जोडीने ठेवणार, टोकं रस्त्याकडे वळवणार आणि मग मोज्यांवर वर चढणार.

"ही काय कोणाची बैठकीची खोली आहे?" मी एकदा विचारलं.

"वर चढलो म्हणजे आत गेलो, हिगुचीसान. आत जायचं तर बूट बाहेर. आणि टोकं रस्त्याकडे असली की निघताना पाय घातले, चाललो घरी."

मी मात्र बुटांसकट चढते, नाड्यांना दुहेरी गाठ मारून. पडून हाड मोडलं तर काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. इस्पितळात एक्सरे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे दोनच नियम होते. फोटोत जे आहे तेवढंच पाहायचं, आणि पेशंटने काहीही विचारलं तरी 'डॉक्टर सांगतील' म्हणायचं.

धावपट्टीकडे जाणारी वाट आमच्यासमोर वाकते. तिथे विमान क्षणभर आमच्याकडे कूस वळवतं, आणि वैमानिक मनात आलं तर हात हलवतो. सेगावासान दोन्ही हात वर करून उत्तर देत, आणि त्यांची शिडी कुरकुरत असे. ती कुरकुर ऐकली की माझा दिवस चांगला जायचा. सांगायला लाज कसली, या वयात मी थंडीवाऱ्यात तिथे जायची ती निम्मी विमानांसाठी आणि निम्मी या माणसासाठी.

पानगळ संपता संपता मी एका दोन आसनी निळ्या विमानाचा फोटो काढला. पुढे वैमानिक, मागची सीट रिकामी. घरी येऊन पडद्यावर मोठा करून पाहिला, तर मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं होतं. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं. मोहरीच्या रंगाची विणलेली टोपी होती. तशी टोपी अख्ख्या रांगेत एकट्या सेगावासानची.

काचेतलं प्रतिबिंब, असं मी म्हटलं. वाकडी काच असले चाळे करते. फोटो बंद केला, चहा टाकला, पुन्हा उघडला. टोपीवाल्याच्या छातीवर सीटचा पट्टा नीट आवळलेला होता. प्रतिबिंबाला पट्टा बांधता येत नाही.

पुढच्या खेपेच्या फोटोत त्याने मान थोडी वळवली होती. इस्पितळात आम्ही याला तिरपा फोटो म्हणायचो. गाल ओळखीचा होता, गालावरचा तीळसुद्धा.

उजवीकडे नागुमो असतो, शाळेची बस चालवतो. त्याने त्याच क्षणी तेच विमान टिपलं होतं. मी त्याचा कॅमेरा मागून घेतला. त्याच्या फोटोत मागची सीट रिकामी होती, पट्टे एकमेकांत अडकवून ठेवलेले.

"कोणाला शोधताय मावशी? नवरा लपलाय का आत?"

"नवरा असता तर तुझं तोंड बघायला इथे आले असते का?"

तो खो खो हसला. मलाही हसावं लागलं. कॅमेरा परत केला.

जन्मभर पाळलेला नियम मी मोडला. सेगावासानना फोटो दाखवला. वाटलं होतं घाबरतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा नाकाला लावला आणि लहान पोरासारखे खुलले.

"हा तर मी!"

"तुम्ही नव्हे. तुम्ही माझ्या शेजारी शिडीवर होता."

"मग माझी टोपी घालून कोण बसलाय? वा! शेवटी विमानात बसवलंच म्हणायचं मला. याची एक प्रत काढून द्या हो, देव्हाऱ्यापाशी लावतो. वर गेलेल्या बायकोला दाखवायला."

"सेगावासान, उद्या माझ्याबरोबर इस्पितळात यायचं."

"मी ठणठणीत आहे."

"ते मी ठरवीन."

ते आले. माझ्या हट्टापुढे कोणाचं काही चालत नाही. मी काचेआड उभी राहून त्यांच्या छातीचा फोटो स्वतः पाहिला. फुप्फुसं स्वच्छ, हृदय जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, आणखी वीस वर्षं काळजी नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. रोग निघाला असता तर पुढे काय करायचं ते मला माहीत होतं. आता काहीच माहीत नव्हतं.

मी त्यांना हात जोडून म्हटलं, काही दिवस कुंपणाकडे येऊ नका. आठवडाभर आले नाहीत. मग एका दुपारी बांधावर हजर, हातात वाळवलेल्या रताळ्यांची पिशवी.

"घरी बसवत नाही. विमान वरून गेलं की पाय आपोआप बुटांत जातात."

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हणाले. असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. "फोटोत नाही. इथे, शेजारी."

ते कानापर्यंत लाल झाले. पिशवीत हात घातला.

"घ्या, रताळं खा," एवढंच म्हणाले आणि बूट काढायला वाकले.

ऊन लख्ख होतं. डोंगराची दोन्ही शिखरं स्पष्ट दिसत होती. निळं विमान वळणावर आलं, त्याने कूस वळवली, वैमानिकाने हात हलवला.

मी लेन्समधून पाहत होते. डावीकडच्या कुरकुरीची वाट पाहत होते.

कुरकुर आली नाही.

मागच्या सीटवर मोहरी रंगाची टोपी होती. या वेळी फोटोत नव्हे, माझ्या डोळ्यांसमोर. चेहरा पूर्ण माझ्याकडे वळलेला. त्यांनी दोन्ही हात वर केले.

मग गर्जना झाली. शेतातलं पाणी थरथरलं.

मी कॅमेरा खाली घेतला. शेजारची शिडी रिकामी होती. त्यांचा कॅमेरा वरच्या पायरीला पट्ट्याने लटकत होता. अर्धं खाल्लेलं रताळं कागदावर होतं.

बूट शिडीखाली जोडीने होते. टोकं कुंपणाकडे.

पोलिसांनी शेतं तुडवली, कुत्री आणली. तळावरच्या लोकांनीही मन लावून शोध घेतला. कुंपणाला भोक नव्हतं, चिखलात मोज्यांचे ठसे नव्हते. विमान परत उतरलं तेव्हा मागची सीट रिकामी होती, पट्टे अडकवलेले. म्हातारा माणूस, एकटा राहणारा, गेला असेल कुठे तरी समुद्राकडे, असं लोक म्हणू लागले. बूट न घालता?

त्यांची शिडी अजून तिथेच आहे. कोणी हलवत नाही. पोलिसांनी पाहून परत ठेवलेले बूट मी माझ्या हातांनी वळवले, टोकं रस्त्याकडे केली. आले तर पाय घालून सरळ घरी जाता यावं म्हणून. मी रोज जाते, मागची सीट रोज टिपते. फोटोत फक्त पट्टे असतात. तरी जाते.

आज दुपारी वारा पडला होता. निळं विमान वळणावर आलं. वैमानिकाने हात हलवला, आणि माझे दोन्ही हात कधी वर गेले ते मला कळलंच नाही. माझी शिडी कुरकुरली.

उजवीकडे नागुमो आपल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करत होता. काहीतरी थट्टा करत होता, अर्ध्यावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"काय रे? दाखव बघू."

"काही नाही, मावशी." त्याने कॅमेरा छातीशी धरला. "फोकस चुकला."

नागुमोचा फोकस कधी चुकत नाही. तो बोलत माझ्याशी होता, पण बघत होता माझ्या शिडीखाली. माझ्या पायांना मघापासून गार लागत होतं. मी खाली पाहिलं.

माझे बूट जोडीने ठेवलेले होते, टोकं कुंपणाकडे. नाड्यांच्या दुहेरी गाठी तशाच होत्या.