धाकटीतले रिकामे फोल्डर

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. कुठलाही आवाज झाला की त्याचं कारण शोधायचं, त्यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका, पण हे मी रचून सांगत नाहीये. घडलंय ते आमच्याच घरात, भरदिवसा, दुपारी चार वाजता.

माझी ताई लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. एकाच पुस्तकावर सहा वर्षं बसली होती. सत्तावीस पानं आणि एक हट्टी बदक. रोज चार वाजता हातातलं काम थांबवून ती सगळ्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. मूळ डिस्क थोरली, कॉपीची धाकटी. रोज नवा फोल्डर, आणि त्याच्या नावातच त्या दिवशी काय केलं ते. 'पान ११, बदकाचे पाय पुन्हा.'

मी चिडवायचो, "ताई, बदक काय पळून जाणार आहे का?"

"डिस्क सांगून मरत नाही, घाईराव," ती म्हणायची.

ती हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हाच थोरली बंद पडली. मी नवी डिस्क आणली. धाकटीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, एवढंच काम. लोकांसाठी शंभरदा केलेलं. प्रोग्रामने विचारलं, कुठून कुठे? मी घाईत उलटं निवडलं.

कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली.

नुसतं पुसलं गेलं असतं तर परत काढलं असतं हो. पण त्याच्यावर सगळं कोरं लिहिलं गेलं होतं. चार दिवस डोकं फोडलं. एक पान हाती लागलं नाही.

"कॉपी आहे ना रे?" थोरली बंद पडल्याचं कळल्यावर ताईने विचारलं.

"आहे गं. तू आधी बरी हो."

त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

तीन आठवडे झाले असतील. मंगळवार होता. बायको आतून म्हणाली, "अहो, ती डिस्क चालू ठेवलीत का?"

"कुठली?"

"ताईंची. कपाटात गुरगुरतेय."

कपाट उघडलं...

धाकटीला वायर नव्हती. तरी आतली चकती फिरत होती.

हातात घेतली... कोमट लागली.

जोडून पाहिली. एकच फोल्डर. तारीख त्याच दिवसाची, वेळ चारची.

'पान १९, आभाळ फिकट केलं.'

आत काहीच नव्हतं.

दुकानात नेऊन तपासली. कुठेही बिघाड नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता... पुन्हा तोच आवाज. 'पान १९, एक ढग कमी.' तोही रिकामा. मग पान २२. मग 'पान २५, बदक अजून हसत नाहीये.' चार वाजले की बायको नळ बंद करून कान देऊन उभी राहायची.

ताई अर्धवट राहिलेलं पुस्तक पुरं करत होती. रोज विश्वासाने धाकटीत ठेवत होती, आणि धाकटीत काही राहत नव्हतं. मला ते बघवेना.

अडतिसाव्या दिवशी...

'पान २७. झालं एकदाचं!'

मी धाकटी मांडीवर घेतली आणि ढसाढसा रडलो. "ताई, मी खोटं बोललो गं. माझ्याच हातून सगळं गेलं. एकही पान उरलं नाही. आता ठेवतेयस तेही राहत नाहीये."

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले... काही नाही.

सव्वाचार... काही नाही.

"सुटल्या बिचाऱ्या," बायको डोळे पुसत म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मन हलकं झालं, पण घर भकास वाटायला लागलं. चार दिवस तसेच गेले.

पाचव्या दिवशी, चार वाजता, कपाटातून गुरगुर आली.

लगेच जोडून पाहिली. नवा फोल्डर होता...

'पान १. पुन्हा.'

रागाचा एक शब्द नाही. तेच मला जास्त लागलं.

काल तिचं नववं पान झालं. फोल्डर रिकामाच आहे. बायको म्हणते, सांगू नका, करू दे त्यांना. पण ती पुन्हा सत्ताविसाव्या पानाला पोचेल, तेव्हा मी तिला काय सांगू?