टायरमधली हवा

स्टुडिओच्या दारावर शूटिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला आणि नायेली बाहेरच अडकली. लॉस एंजेलिसमध्ये कधी नव्हे तो पाऊस लागला होता. वळचणीला आधीच एक उंच तरुण अंग चोरून उभा होता.

"या, निम्मी जागा तुमची," तो सरकत म्हणाला. "मी एफ्राइन. मालिकेतला नवा दादा."

"ठाऊक आहे. मी नायेली. त्याच मालिकेची लेखिका."

मालिका विनोदी होती. आईबाप गेल्यावर थोरला भाऊ बेकरी चालवून धाकट्यांना वाढवतो, त्यांची धमाल. नायेलीलाही तिच्या दादानं, रोहेलियोनं असंच वाढवलं होतं. 'घरची भांडणं विकून पोट भरतेस,' असं तो चिडवायचा.

"एक विचारू?" एफ्राइन म्हणाला. "बहीण कॉलेजला निघते तेव्हा दादा एवढं भाषण का ठोकतो? मी माझ्या बहिणींशी असं बोललो, तर त्या आधी माझं कपाळ चाचपतील... ताप आलाय का म्हणून."

नायेलीला हसू फुटलं. "भाषण माझं नाही. मी निघाले तेव्हा दादा नुसता गाडीच्या टायरमध्ये हवा भरत बसला होता. मी तेच लिहिलं. ग्रेसिएलाबाईंनी कापलं. मुख्य लेखिका त्या."

तो तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिला. दिवा विझला—तरी दोघांपैकी कुणीच दार उघडलं नाही.

पुढं तो रोज काहीतरी विचारायला यायचा.

"हे 'हं' कसं म्हणू?"

"सरळ म्हणा की."

"तुम्ही म्हणून दाखवा ना."

"हं..."

"अजून एकदा. नीट कळलं नाही."

शूटिंग प्रेक्षकांसमोरच व्हायचं. त्या भागाच्या संध्याकाळी प्रेक्षकांत रोहेलियो होता आणि पुढच्या रांगेत वाहिनीचे साहेब. मालिका ठेवायची की बंद करायची, ते आज ठरवणार होते. एफ्राइननं जीव ओतून भाषण केलं. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. दुसऱ्यांदाही तेच.

नायेली तरातरा खाली उतरली. "बाई, एकदा मी लिहिलेलं करू द्या. फसलं तर उद्यापासून मी येणार नाही."

ग्रेसिएलाबाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कर."

नायेलीनं कलाकारांना तिचे संवाद सांगितले. एफ्राइन पंप घेऊन गाडीपाशी उकिडवा बसला.

"दादा, निघू?" मालिकेतल्या बहिणीनं विचारलं.

"थांब. हा जरा बसलेला वाटतो." तो दुसऱ्या टायरकडे सरकला. खसखस पिकली. मग तिसऱ्याकडे. लोक खो-खो हसू लागले.

"दादा, हा आत्ताच भरलास."

"मग परत भरतो," तो मान वर न करता म्हणाला.

हसू मध्येच थांबलं. कुणीतरी नाक ओढलं... आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. साहेबसुद्धा.

रोहेलियो लाल डोळ्यांनी खाली आला. "नक्कल बरी केलीस माझी," तो एफ्राइनला म्हणाला. "पण सारखा माझ्या बहिणीकडं काय बघत होतास?"

"मी... ते... म्हणजे—"

"दादा, मला हा आवडतो," नायेली म्हणाली. "याचं याला विचार."

एफ्राइनचा चेहरा उजळला. "मला पहिल्या दिवसापासून आवडते ही. हिच्याकडून तुमच्याबद्दल ऐकलं होतं, त्या भीतीनं गप्प होतो."

"भीती असू दे थोडी," रोहेलियो म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कलाकारांना पुन्हा मंचावर बोलावलं गेलं. एफ्राइननं नायेलीचा हात धरला.

"अरे, लेखक पुढं येत नसतात."

"आज येतील."

ती झगझगीत उजेडात उभी राहिली. टाळ्या दुपटीनं वाढल्या. सगळ्यांत मोठी शिट्टी रोहेलियोची होती.