रिकाम्या वॉर्डातला अभ्यास

एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. मी तेव्हा सोलापूरला, गावाबाहेरच्या साथीच्या दवाखान्यात कारकून होतो. महसूल खात्याच्या चढाओढीच्या लेखी परीक्षेला शेवटचं बसायचं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली असती. त्या उन्हाळ्यात साथ नव्हती. दुपारी सगळा दवाखाना पेंगायचा. मग मी वह्या घेऊन रिकाम्या वॉर्डात जाऊन बसे. जाड भिंती, फिनेलचा वास, ओळीनं वीस लोखंडी खाटा.

पाठांतर मोठ्यानं करायची माझी सवय. तिसऱ्या दिवशी एका कलमाशी अडखळलो आणि मागून कुणीतरी हळू, दमलेल्या आवाजात ते पुरं केलं.

वळून पाहिलं. खाटा रिकाम्या.

मनाचा खेळ असेल म्हणून पुढं वाचलं. थांबलो, तसा शेवटच्या खाटेकडून तोच आवाज आला...

"पुढं?"

वही टाकून मी व्हरांड्यात पळालो. तिथं जुनी आया चंद्रव्वा सुपारी कातरत होती. मला ती कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. माझ्या तोंडाकडं बघूनच तिनं ओळखलं.

"मल्लिकार्जुन बोलला व्हय, तम्मा?"

"कोण मल्लिकार्जुन?"

"कचेरीत कामाला होता. नोकरी करून तुझ्यावानी अभ्यास करायचा. परीक्षेला आठ दिवस राहिलं आन प्लेगाची गाठ आली. त्या शेवटच्या खाटंवर हुता. डोळ्यांना दिसंना झालं, तवा वही माझ्या हातात द्यायचा. वाच म्हणायचा." तिचा अडकित्ता थांबला. "मला कुटं वाचाय येतंय? नुसती धरून बसले. तसाच गेला बघ."

दुसऱ्या दिवशी तरीही गेलो. शेवटच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि वाचू लागलो. महिनाभर वाचलं. मी चुकलो की तो सांगे, तो अडला की मी. भीती कधी सरली, कळलंच नाही. परीक्षेसाठी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्या खाटेला म्हणालो, "सगळं झालं वाचून. आता नीज."

वह्या काखेत मारल्या आणि बाहेर पडलो.

मी पास झालो, माढ्याला नेमणूक झाली. निघण्याआधी दवाखान्यात पेढे वाटायला गेलो. वॉर्डात एकच रोगी होता, मायाप्पा नावाचा म्हातारा धनगर, तापातून नुकता सावरलेला; उशाशी चंद्रव्वा बसली होती. त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"त्यास्नी बी बसाय सांगा की," तो म्हणाला. "कवाधरनं हुबं हायती."

"कुणाला?"

"तुमच्यासंगं आल्यात, त्यास्नी."

चंद्रव्वानं माझं मनगट घट्ट धरलं. मी मागं वळलो नाही.

"आजोबा, मी एकटाच आलोय..."

मायाप्पा माझ्या खांद्यामागं निरखून बघत राहिला.

"आसं कसं? तुमी बोलतासा तवा त्यांचं बी ओठ हलत्यात की... तुमच्या आदी हलत्यात."